तोंड उघडा, मामाजी

मामाजी,

तुम्ही गेलात तेव्हा तुमचं तोंड उघडं होतं. नर्सनं नाकावरची नळी काढली, यंत्राचा आवाज बंद केला आणि ती बाजूला झाली. सुजातानं तुमचे डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड तू मिट. ते तुझंच काम होतं."

मी हनुवटीखाली हात धरला. ज्या जबड्याशी मी रोज झटलो, त्यानं माझं क्वचितच सरळ ऐकलं होतं. त्या सकाळी मात्र हात लागताच मिटला. खरं सांगतो, मामाजी, रडू नंतर आलं. आधी राग आला.

घरी माणसं येऊन राहिली आहेत. त्रिशरण-पंचशील झालं, तुमचे रेल्वेतले सोबती दोन शब्द बोलून गेले. सगळे म्हणतात, जावयानं सासऱ्याचं फार केलं. मी मान हलवतो. आपण दोघं किती भांडलो हे त्यांना कुठं ठाऊक आहे? त्यातलं बरंचसं भांडण अजून बाकीच आहे. ते दुसऱ्या कुणाशी करता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात लग्नापासून करावी लागेल. राज्य नवं झालं, भोपाळच्या कचेऱ्यांतली माणसं आणि कपाटं ट्रकांनी रायपूरला आली, त्यात मीही आलो. म्हणजे परत आलो. तिथं बूढ़ापाऱ्यात आमचं घर होतं, घरात आई होती. त्या दिवसांत नव्या राजधानीत टेबलं कमी आणि बाबू जास्त होते. नुकतीच नोकरीला लागलेली सुजाता आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो. आमचं तिथंच ठरलं.

तुमच्याकडे मागणी घालायला मी एकटाच आलो. रेल्वेचं क्वार्टर, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तुम्ही मालगाडीचे गार्ड, ड्यूटीवरून आलेले, अंगात अजून पांढरा गणवेश. चहा यायच्या आधीच तुम्ही विचारलं, "माझी पोट्टी तुमच्या घरी कोणत्या गिलासात पानी पिईन?"

"ज्यात मी पितो त्यात."

"अन् मी आलो तर?"

"त्यातच."

"हे तुमी म्हनता. तुमच्या मायनं म्हनलं काय?"

आई लग्नाला नाही म्हणाली नव्हती, पण तुम्हाला 'या' असंही म्हणाली नव्हती. लग्न झालं. सुजाता त्या घरात रुळली, सासू-सुनेचं जमलंही. तुम्ही मात्र आमचा उंबरा ओलांडला नाहीत. गल्लीत यायचात, स्कूटर चालूच ठेवायचात, लेकीच्या हातात पिशवी द्यायचात आणि निघायचात. मी चिडायचो. "आत या ना मामाजी, काहून असं करता?" तुम्ही म्हणायचात, "बोलावू तर द्या." मी म्हणायचो, मी बोलावतोय ना. तुम्ही किक मारायचात. आपलं पहिलं भांडण हे. ते कित्येक वर्षं तसंच राहिलं.

पुढं आम्ही रायपुरातच तेलीबांध्याला फ्लॅट घेतला, आई बूढ़ापाऱ्यातच राहिली. मामी गेल्यावर तुम्ही आमच्याकडे आलात. तोवर पार्किन्सन्सनं तुम्हाला धरलं होतं. हाताची थरथर लोकांना दिसते, त्यामुळे सगळे हाताचंच विचारायचे. आमच्या घरातली धास्ती वेगळीच होती. तुमचा चेहरा थांबला होता. हसू नाही, कपाळावर आठी नाही. सुजाता स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायची, "बाबा सारखे रागावलेलेच असतात रे." मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं की हा राग नाही, चेहऱ्याचे स्नायू आखडले आहेत, आत सगळं पूर्वीसारखंच आहे. ऐकून तिला बरं वाटलं. मला भीती वाटली. आत सगळं असेल आणि बाहेर काहीच येत नसेल, तर या माणसाचं दुखलं-खुपलं आम्हाला कळायचं कसं?

दातांचा तुम्हाला भारी तोरा. ऊस दातांनी सोलणारा शेवटचा गार्ड मीच, असं सांगायचात. आणि ते दात घासायचात गुडाखूनं. तंबाखू-गुळाची ती काळी लुगदी, इथली अर्धी दुनिया सकाळी तीच बोटानं दातांवर चोळते आणि मग दिवसभर तिच्यावाचून तिला चैन पडत नाही. मी गोल बाज़ारातून सायकलच्या हँडलची रबरी मूठ आणून ब्रशच्या दांडीवर चढवली, म्हणजे जाड दांडी तुमच्या पकडीत बसेल. काही महिने तुम्ही घासलंत. मग हात तोंडापर्यंत जायचा आणि तिथंच अडकायचा. सुजाता पुढं झाली तर तुम्ही मान फिरवलीत. "बापाच्या तोंडात पोरीनं हात घालाचा नाही." देखभालीला ठेवलेल्या माणसासमोर तर ओठही हलवले नाहीत.

राहिलो मी. जावई. ज्याला पाटावर बसवून आग्रहानं वाढायचं, त्यानं सासऱ्याच्या तोंडात बोटं घालायची. तुम्हाला ते किती लागलं असेल, मला कळत होतं. पहिल्याच सकाळी तुम्ही माझं बोट चावलंत. असं चावलंत की नख काळं पडलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, दारात चेमटलं. संध्याकाळी तुम्हाला विचारलं, "मामाजी, ते चावणं बिमारीचं होतं की तुमचं?"

तुम्ही माझ्या काळ्या नखाकडे पाहिलंत. मग त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणालात, "आधं-आधं."

त्या उन्हाळ्यात तुमचं जेवण कमी होत गेलं. सुजाता म्हणाली, बिमारी वाढून राहिली. डॉक्टरही म्हणाले, असं होतं. एका संध्याकाळी दात पुसताना तुमच्या डाव्या गालात सकाळचे पोहे सापडले. तसेच्या तसे. तुम्ही ते गिळलेच नव्हते. आणि त्यांच्यामागून जो वास आला, तो अन्नाचा नव्हता. मी मोबाइलचा दिवा धरला. खालच्या दाढेजवळची हिरडी फुगून पिवळी पडली होती. बोट लावलं आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं. चेहरा तसाच, भिंतीसारखा, आणि त्याच्यावरून पाणी खाली येत होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"होलीपासून."

होळी कधीच होऊन गेली होती, मामाजी. तुम्ही सांगितलं का नाही, हे आपलं दुसरं भांडण. तुमचं म्हणणं, "मी तं सांगत होतो. तुमी पाहून नव्हते राहिले."

तेलीबांध्यातल्याच दातांच्या एका चकचकीत दवाखान्यात तुम्हाला नेलं. तुमची गोळी पोटात गेल्यावर थोड्या वेळानं अंग सुटायचं, बोलणं जरा मोकळं व्हायचं. तुम्ही त्याला 'लाइन क्लियर' म्हणायचात. मग गोळी उतरली की पुन्हा सगळं लाकूड. मी त्या हिशेबानंच वेळ घेतली होती. पण आमच्या आधीचा पेशंट संपेना. मी दोनदा उठून सांगितलं, यांची गोळी उतरेल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बैठिए सर, बुलाते हैं."

बोलावलं तेव्हा लाइन गेली होती. खुर्चीत बसताना तुम्ही ताठ झालात, जबडा आपोआप हलायला लागला. डॉक्टरनं खुर्ची सपाट आडवी केली आणि यंत्राचं पाणी सोडलं. मी पायाशी उभा होतो. तुमच्या घशाशी पाणी साचलं, ते गिळलं जाईना, थुंकता येईना. घरघर असा आवाज आला. आधी ओठ निळे झाले, मग कानाच्या पाळ्या.

"उठाओ! उनको उठाओ!" मी ओरडत होतो आणि माझे हात आधीच तुमच्या काखेत गेले होते. तुम्हाला पुढं वाकवलं, पाठीवर थापा मारल्या. पाणी बाहेर पडलं, तुम्ही श्वास घेतलात. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाला, "ये कोऑपरेट नहीं कर रहे हैं." सुजाता दाराशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

घरी आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "आता मले कुठंच नेऊ नका. दात माझा हाय."

मग ताप आला. अँटिबायोटिकनं उतरला, पुन्हा आला. तापात थरथर दुप्पट व्हायची, पायावर उभं राहवेना. मेंदूच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा पू तोंडात ठेवून चालणार नाही. गिळणं आधीच कच्चं आहे, ही घाण छातीत उतरायला वेळ लागत नाही.

"पुन्हा त्या खुर्चीवर नाही," सुजाता म्हणाली. "मी पाहिलं आहे ते. माझ्या डोळ्यांसमोर बाबा जात होते."

"दात राहिला तरी जातील."

"म्हणजे तू ठरवणार?"

आवाज चढले. पलीकडच्या खोलीत तुम्ही वाटी जमिनीवर आपटलीत. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि त्या वेळी घरात तुमच्याइतकं एकटं कुणी नव्हतं.

आईला मी फोनवर सांगितलं ते केवळ मन मोकळं करायला. ती म्हणाली, "आपल्या बाजूच्या दवाखान्यातली बाई आहे ना, माझी कवळी जिनं केली. तिले विचार. तिले घाई नसते."

मी आधी एकटाच गेलो. डॉक्टर मॅडमनी तुमच्या सगळ्या गोळ्या समोर मांडायला लावल्या. सुन्न करायचं कोणतं इंजेक्शन या गोळ्यांबरोबर चालेल, हे त्यांनी माझ्यासमोरच मेंदूच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. मग म्हणाल्या, "लिटाएँगे नहीं, बैठा के करेंगे. पानी भी नहीं चलाएँगे. बस एक बात, गोली का असर शुरू हो, तभी मेरी कुर्सी पर आएँ. तब तक बाजू में आपके घर में आराम से बैठाइए. आप आवाज़ दोगे, मैं कुर्सी ख़ाली कर दूँगी."

आमच्या घरात. मी तिथून उठून आईकडे गेलो आणि सांगितलं, "आई, मामाजींना इथं बसवावं लागेल."

ती गहू निवडत होती. हात थांबला. मला वाटलं, काहीतरी कारण काढेल. म्हणाली, "फोन लाव त्यांना."

मी लावला, सुजातानं तिकडं तुमच्या कानाला धरला. आई तुम्हाला, आपल्या व्याह्याला, म्हणाली, "इवाई, मी बोलून राहिले. घरी या." आणि थांबली. मग तुमचा आवाज आला.

"हव."

तुम्ही खुर्चीला तयार झालात ते माझ्या समजावण्यानं नाही, मामाजी. हे मी जाणून आहे.

त्या दिवशी गल्लीत स्कूटरांच्या गर्दीतून तुम्हाला धरून आणलं. उंबऱ्यापाशी तुमचे पाय चिकटले. या रोगात दारात पाय थांबतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मला शंका आली, हा रोगच आहे ना? आई आतून आली. तुम्ही "जयभीम" म्हणालात. ती म्हणाली, "या, इवाई." सुजातानं तुमच्या पायापुढं आपलं पाऊल आडवं ठेवलं, तुम्ही ते ओलांडायला पाय उचललात आणि आत आलात.

गोळीची वेळ झाली. आईनं पाणी आणलं, घरातल्या रोजच्या स्टीलच्या गिलासात. तुमच्या हातात तो राहीना, तेव्हा तिनंच ओठांना लावला. मी म्हणालो, "आई, हनुवटी खाली, घोट बारीक." पाणी थोडं हनुवटीवरून ओघळलं, ते तिनं पदरानं पुसलं. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गोळी गिळल्यावर तुम्ही हळू म्हणालात, "इहीणबाई, तुमचं पानी खारं हाय."

"बोरिंगचं आहे," आई म्हणाली. "तीस वर्षं झाली, सारखी बोंबलून राहिले मी."

मग आपण वाट पाहत बसलो. पंखा फिरत होता. मी तुमच्या बोटांकडे बघत होतो. थरथर कमी होतेय का, खांदे सुटतात का. सुजाता मिनिटामिनिटाला तुमच्या कपाळाला हात लावत होती. शेवटी तुम्ही म्हणालात, "लाइन क्लियर." मी उठून खिडकीतूनच मॅडमना हाक मारली.

तुम्हाला शेजारी नेल्यावर त्यांनी खुर्ची सरळ ठेवली, डोकं थोडं पुढं झुकवलं, दोन दातांत रबराचा ठोकळा दिला. लाळ ओढायची नळी मदतनीस बाईनं सतत धरली. मला म्हणाल्या, "दामादजी, इधर खड़े रहिए." आणि तुम्हाला, "बाबूजी, इनका हाथ पकड़िए. रुकना हो तो दबा देना. मैं उसी वक़्त रुक जाऊँगी."

माझ्या मनात आलं, हा हात तर सतत हलतोय; दाबलेला कसा ओळखायचा? पण पहिल्यांदा तुम्ही दाबलात आणि मला ओळखू आला. "रुकिए," मी म्हणालो. त्या थांबल्या. तुम्ही नाकानं श्वास घेतलात, नळीनं लाळ ओढली. पुन्हा सुरू. पुन्हा दाबलात, पुन्हा थांबल्या. दात सैल होत होता. मग कट्ट असा आवाज आला. मॅडम क्षणभर थबकल्या. दात वरून तुटला होता, मूळ आतच होतं.

"थोड़ा टाइम लगेगा," त्या म्हणाल्या. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, तुमचा हात मला सांगत होता. बोटं ताठ व्हायला लागली होती. ठोकळ्यावर दात खडखडू लागले. दाराबाहेर सुजाताच्या चपला इकडून तिकडं, तिकडून इकडं.

मॅडमनी हात काढून घेतला. "बाबूजी, आज यहीं छोड़ दें? जड़ बाद में निकाल लेंगे." तुम्ही काहीतरी बोललात, ठोकळ्यामुळे कळलं नाही. त्यांनी तो काढला. तुम्ही एकेक शब्द ओढत म्हणालात, "थोडीशी... लाइन हाय. काढा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणायचं की नाही? सुजाता बाहेर होती, तिला विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. मी म्हणालो, "दाँत उनका है, मॅडम."

तुम्ही शेवटपर्यंत हात दाबला नाहीत. मूळ निघालं तेव्हा त्यांनी ते चिमट्यात धरून तुम्हाला दाखवलं आणि मग कापसाचा बोळा दाबून धरला. तुमचा चेहरा तसाच होता. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

संध्याकाळी रक्त थांबल्यावर आईनं गार ताकभात मऊ कालवला. आमच्या घरचं तुमचं पहिलं जेवण, तेही एका गालानं. तुम्ही वाटी संपवलीत. सुजाता ते बघत स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी होती.

त्यानंतर ताप गेला, अंगावर थोडं मांस आलं. आपला रोजचा क्रम बसला. गोळी, थोडी वाट, मग खुर्चीत ताठ बसवून, पेस्ट नावापुरती, फेस होऊ न देता. जेवण झालं की गालांतून ओला कापूस फिरवायचा. मॅडम अधूनमधून बघायच्या. तुम्ही पुन्हा कधी चावला नाहीत. पण गुडाखू मागणं सोडलंत असंही नाही. रोज. "एक बोट, जवाई. दातापुरतं." मी रोज नाही म्हणालो. मॅडमचं म्हणणं होतं, त्या हिरड्यांना ते विष आहे. ते खरंच होतं. तुमचंही एक म्हणणं होतं: "आता वाचवून कोनाले दाखवाचे हायत हे दात?" या भांडणात बरोबर मीच होतो, मामाजी. तरीही जिंकल्यासारखं काही वाटत नाही.

शेवटी छातीतच उतरलं. जी भीती होती तीच. डॉक्टर म्हणाले, या रोगात घास चुकतो, कितीही जपलं तरी कधीतरी चुकतो. तोंड स्वच्छ होतं म्हणून इथवर निभावलं असेल. असेल. मी अजून त्या आठवड्यातला एकेक घास आठवून बघतो. कोणता चुकला? मी भरवलेला की सुजातानं? हे आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही. कधी विचारू असं वाटत नाही.

शेवटच्या संध्याकाळी नर्स तुमचं तोंड पुसायला आली. "अंकल, मुँह खोलिए." तुम्ही ओठ मिटून घेतलेत. तिनं दोनदा सांगून पाहिलं. मग मी तिच्या हातून कापूस घेतला आणि काही म्हणायच्या आधीच तुम्ही तोंड उघडलंत. मी गालांतून, जिभेवरून, हिरड्यांवरून कापूस फिरवला. तुम्ही दमला होता, पण डोळे उघडे होते.

नर्स हसली. "बेटे की बात सुनते हैं अंकल."

तुम्ही श्वास गोळा केलात. मला वाटलं, पाणी मागताय. वाकून कान जवळ नेला. पण तुम्ही तिच्याशी बोलत होता.

"बेटा नहीं. दामाद है." थांबलात. पुन्हा श्वास घेतलात. "बेटा होता... तो कब का भाग जाता."

ती मोठ्यानं हसली. मीही हसलो, आणि हसता हसता पाठ फिरवून खिडकीपाशी गेलो. मला म्हणायचं होतं की हे चूक आहे मामाजी, मुलगाही थांबला असता. आणि पळून जावंसं तर जावयालाही कितीदा वाटलं होतं. दोन्ही गोष्टी ओठांवर होत्या. परत आलो तर तुम्ही माझ्याकडे बघत होता, नेहमीसारखे वाद घालायला तयार.

मी चादर नीट केली. तुमच्याशी वाद न घालण्याची ती पहिलीच वेळ.